पाहुणा, परमिट आणि परदेश

कोकणातल्या मुसलमान घरांत ‘परदेश’ हा शब्द नवा नाही. आमच्या जमातीचे पोट पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर भरत आले. रत्नागिरीचा किंवा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचा तरुण खलाशी म्हणून बोटीवर चढला की आफ्रिकेपासून बसऱ्यापर्यंत कुठेही जाई. त्याच्या आईच्या लेखी ही सारी मुलुखगिरी परदेशातली. पण कराचीला कोणी परदेश म्हणत नसे, कारण ती परदेश नव्हतीच. १८४७ पासून सिंध मुंबई प्रांताला जोडलेला होता आणि १ एप्रिल १९३६ रोजी तो वेगळा झाला. तोपर्यंत रत्नागिरी आणि कराची एकाच गव्हर्नरच्या अमलाखाली होत्या. कराचीच्या बंदरात कोकणी माणसे कामाला लागली, मागाहून त्यांच्या बायका गेल्या, मुली तिकडच्या घरांत दिल्या गेल्या. आजही कराचीत कोकणी मुसलमानांची म्हणून ओळखली जाणारी कोकण सोसायटी आहे. सुट्टीत मुंबईला चाचाकडे जावे, तसे बोटीत बसून कराचीला खालाकडे जावे, एवढाच तो प्रवास होता.

आम्ही वर्गात फाळणी शिकवतो तेव्हा पुस्तकात ऑगस्ट १९४७ ची तारीख असते, नकाशावर एक रेघ असते आणि धडा संपतो. मुलांना वाटते, एका रात्रीत दार बंद झाले. पाहुण्याच्या बाबतीत असे घडले नाही. त्याच्यापुढचे दार हळूहळू, कागदाकागदाने बंद होत गेले. हा इतिहास पाठ्यपुस्तकात नाही. तो लोकांच्या पेट्यांत, जुन्या पासपोर्टांत आणि कोर्टाच्या निकालांत सापडतो.

फाळणीनंतरचे पहिले काही महिने माणसे कागदाशिवाय ये-जा करीत होती. कोणी दंगलीच्या भीतीने गेले, कोणी नोकरीसाठी, कोणी नुसते भेटायला. जुलै १९४८ मध्ये भारत सरकारने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट सक्तीचे केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाकिस्ताननेही तसाच नियम काढला. परमिटांचे प्रकार होते : तात्पुरत्या भेटीचे वेगळे, कायम परत येण्याचे वेगळे. खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या अल्पशिक्षित माणसाला हा फरक किती कळला असेल? पण पुढे त्याच्या नागरिकत्वाचा निकाल याच फरकावर लागला. राज्यघटनेचे सातवे कलम सांगते की, १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतरित झाला तो भारताचा नागरिक मानला जाणार नाही. पुनर्वसनाच्या किंवा कायम परतण्याच्या परमिटवर आलेल्यालाच त्यातून सूट. तात्पुरत्या परमिटवर स्वतःच्या घरी आलेला माणूस कायद्याच्या नजरेत पाहुणा ठरला.

हा नुसता तर्क नाही. बिहारमधील एक बाई जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली, डिसेंबरात तात्पुरत्या परमिटवर आली आणि मुदत संपल्यावर परत गेली. ती इलाजासाठी गेली होती, असे तिच्या बाजूचे म्हणणे होते. कुमार अमर सिंग खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते म्हणणे मानले नाही. तिचे नागरिकत्व गेले. मात्र त्याच न्यायालयाने १९५४ साली इब्राहिम वजीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात दुसरी बाजू उचलून धरली. परमिटचा नियम मोडला एवढ्याच कारणावरून भारताच्या नागरिकाला देशाबाहेर काढता येणार नाही, असे सांगून त्यासंबंधीचे कलम घटनाबाह्य ठरवले. पुढे १९६६ मध्ये कुलाथिल मम्मू खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की, ठरावीक कामासाठी, थोड्या दिवसांसाठी केलेला प्रवास म्हणजे स्थलांतर नव्हे. ‘भेटायला जाणे’ आणि ‘निघून जाणे’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कोकणातल्या कोणत्याही म्हातारीने सांगितले असते. कायद्याने ते सांगेपर्यंत फाळणीला एकोणीस वर्षे होत आली होती.

१५ ऑक्टोबर १९५२ पासून परमिट जाऊन पासपोर्ट आणि व्हिसा आले. केवळ या दोन देशांपुरता चालणारा खास पासपोर्टही निघाला. तरीही जाणे-येणे चालू होते. खरा तडाखा बसला तो १९६५ च्या युद्धाने. राजस्थान आणि सिंध यांना जोडणारी मुनाबाव–खोखरापार रेल्वे बंद पडली. १९७१ च्या युद्धानंतर तर पत्रेसुद्धा दुबई-कुवेतच्या माणसांमार्फत फिरू लागली. सिमला करारानंतर, सप्टेंबर १९७४ मध्ये व्हिसाचा करार झाला आणि २२ जुलै १९७६ रोजी समझौता एक्स्प्रेस धावू लागली. मुंबईहून आखातात जाणारी ‘द्वारका’ बोट कराचीला थांबत असे. १९८२ मध्ये तीही मोडीत निघाली.

आमच्या आजीची मोठी बहीण कराचीत होती. आजीच्या जुन्या पासपोर्टावर पोलीस ठाण्यातल्या नोंदीचे शिक्के आहेत : आल्याचा एक, निघण्याचा एक. व्हिसा देशाचा नसतो, ठरलेल्या शहरांचा असतो. बहीण कराचीत आणि भाची हैदराबाद-सिंधमध्ये असेल तर दोन्ही गावांची नावे अर्जात हवीत. एखादे नाव राहिले तर भाचीनेच कराचीला यायचे. आजी सांगे, “सगळ्यांत आधी पोलिसांना सलाम, मग बहिणीला.”

१९९४ मध्ये कराचीतील भारतीय वकिलात बंद झाली. मुंबईतली पाकिस्तानी वकिलातही त्याच दशकात उठली. मुंबईहून कराची सरळ रेषेत नऊशे किलोमीटरच्या आसपास. पण परवानगीसाठी इकडच्याने दिल्ली गाठायची आणि तिकडच्याने इस्लामाबाद. म्हणजे परवानगीचीच वाट मुक्कामाच्या वाटेपेक्षा लांब.

मध्यंतरी दिलाशाचे दिवसही आले. १९९९ मध्ये दिल्ली–लाहोर बस निघाली. फेब्रुवारी २००६ मध्ये थार एक्स्प्रेस सुरू झाली आणि एक्केचाळीस वर्षांनी मुनाबावचा रूळ जागा झाला. सप्टेंबर २०१२ च्या करारात भेटीच्या शहरांची संख्या तीनवरून पाच झाली. पासष्टच्या वरच्या वृद्धांना अटारीला पोहोचल्यावर व्हिसा देण्याचे ठरले. १५ जानेवारी २०१३ ला ही सोय सुरू व्हायची होती. नियंत्रण रेषेवरच्या तणावामुळे त्याच दिवशी ती स्थगित झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही गाड्या आणि बस थांबल्या. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला सव्वीस निरपराध माणसे मारली गेली. त्यानंतर व्हिसे रद्द झाले, अटारीचे फाटक लागले. माहेरी आलेल्या लेकी, एका हाती भारताचा पासपोर्ट आणि दुसऱ्या हाताने पाकिस्तानी पासपोर्टवरचे मूल धरून त्या फाटकाशी उभ्या होत्या.

देशाच्या सुरक्षेचा प्रश्न खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. बॉम्ब आणि गोळ्यांनी पाहुण्यांचेही जीव घेतले आहेत. १८ फेब्रुवारी २००७ च्या समझौता स्फोटात मेलेल्यांत बहुतेक भेटीगाठींसाठी निघालेले साधे प्रवासीच होते. आमचे म्हणणे इतकेच की, या इतिहासात सैनिक आणि पुढारी यांच्याबरोबर पाहुणाही एक पात्र आहे आणि त्याची नोंद व्हायला हवी.

ही नोंद आता करायची नाही तर कधी? परमिट काढून प्रवास केलेली पिढी जवळजवळ संपली. पत्रे उर्दूत आहेत आणि नातवंडे मराठी नाहीतर इंग्रजी शाळांत शिकलेली. म्हणून कधी कधी लोक आम्हा उर्दू शिक्षकांकडे जुनी पत्रे वाचून घ्यायला येतात. त्यांत राजकारण नसतेच म्हटले तरी चालेल. यंदा हापूस कसा आला, कोणाला मुलगा झाला, कोणाची मय्यत झाली आणि आम्हाला चाळीस दिवसांनी कळले, मुलांना सुट्टी कधी लागते, अर्जाचे काय झाले, एवढेच असते. वाचकांच्या घरी असे पत्र, परमिट, शिक्के मारलेला पासपोर्ट असेल तर तो रद्दीत घालू नका. कागदावर तारीख आणि नाव लिहून ठेवा, घरातल्या म्हाताऱ्याला विचारून बोटीचे, गाडीचे, गावाचे नाव लिहा. पुस्तकातला फाळणीचा धडा जिथे संपतो, तिथून पुढचा धडा याच कागदांवरून लिहावा लागेल.