आल्प्समधील वृक्षरेषा : हवामान, भूरचना आणि मानवी हस्तक्षेप

प्रस्तावना :
पर्वतावर ज्या उंचीपलीकडे वृक्ष वाढू शकत नाहीत, त्या सीमेला वृक्षरेषा म्हणतात. ही रेषा सामान्यतः भूगोलाचा विषय मानली जाते. परंतु जेथे शतकानुशतके मनुष्यवस्ती आहे, तेथे ती इतिहासाचाही विषय ठरते. प्रस्तुत लेखात स्वित्झर्लंडमधील आल्प्सच्या आधारे या दृष्टीने विचार केला आहे.

हवामान व भूरचना :
वृक्षरेषेची वरची मर्यादा मुख्यतः उष्णता ठरविते. वाढीच्या हंगामातील सरासरी तापमान सुमारे ६ ते ७ अंश सेल्सिअसपेक्षा कमी असेल, तर वृक्षाला नवे काष्ठ तयार करता येत नाही. गवत व झुडपे जमिनीलगतच्या उबेत तग धरतात. उंच वृक्षाचा शेंडा मात्र थंड वाऱ्यातच राहतो. आल्प्सच्या उत्तर कडेला ही मर्यादा सुमारे १८०० मीटरवर येते, तर व्हाले व एंगादीन या अंतर्भागातील खोऱ्यांत ती २३०० मीटरच्या आसपास जाते. विस्तीर्ण पर्वतसमूहाच्या अंतर्भागात उन्हाळा अधिक उबदार असतो, हे त्याचे कारण होय. शिवाय कडे, दरडी व हिमस्खलनाच्या वाटा यांमुळे ही रेषा जागोजागी तुटलेली दिसते.

मानवी हस्तक्षेप :
प्रत्यक्षात अनेक ठिकाणी जंगल या नैसर्गिक मर्यादेच्या बरेच खाली थांबते. सरोवरांच्या गाळातील परागकण व कोळशाचे अंश यांवरून असे दिसते की, सुमारे ५००० वर्षांपूर्वीपासून मनुष्याने वरचे जंगल जाळून व तोडून उन्हाळी कुरणे निर्माण केली. उन्हाळ्यात गुरे वर नेण्याची प्रथा त्यांवरच उभी राहिली. आज नैसर्गिक वाटणारी ही हिरवी कुरणे बऱ्याच अंशी पशुपालकांची निर्मिती आहेत.

याची किंमतही मोठी होती. उतारावरील जंगल बर्फाला धरून ठेवते. ते गेले की खालचे गाव उघडे पडते. उर्सेरेन खोऱ्यातील आंडरमाट गावावरील जंगलाला १३९७ च्या सनदेने संरक्षण मिळाले. तेथून लाकूड नेण्यास मनाई होती. पुढे १८६२ मध्ये एलिआस लांडोल्ट यांच्या अहवालाने उंच प्रदेशातील जंगलांच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधले. १८६८ च्या महापुरानंतर जनमत तयार झाले आणि १८७६ मध्ये पर्वतीय प्रदेशासाठी संघराज्याचा वनकायदा झाला. १९०२ मध्ये तो संपूर्ण देशाला लागू करण्यात आला.

तोडलेले जंगल परत आणणे मात्र सोपे नव्हते. डावोसजवळील स्टिलबर्ग येथे १९७५ मध्ये २००० मीटरहून अधिक उंचीवर सुमारे ९२,००० रोपे लावण्यात आली. लार्चची रोपे बऱ्याच प्रमाणात टिकली; पाइनच्या दोन्ही जातींची बहुसंख्य रोपे प्रामुख्याने बर्फाखाली वाढणाऱ्या बुरशीमुळे मेली. जेथे बर्फ उशिरापर्यंत साचून राहतो, तेथे हानी अधिक झाली. म्हणजे मनुष्याने मागे सारलेली रेषा पुन्हा वर नेताना भूरचनाच निर्णायक ठरली.

निष्कर्ष :
अलीकडे जंगल वर सरकताना दिसले की त्याचे श्रेय तापमानवाढीला देण्याची प्रवृत्ती आहे. तथापि, १९८५ ते १९९७ या काळातील स्विस वनक्षेत्राच्या नोंदींचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळे सांगतो. नव्या जंगलाचा फार मोठा भाग ओस पडलेल्या कुरणांवर उगवलेला होता. केवळ अल्प भागाचा संबंध हवामानाशी जोडता आला. तापमानवाढ खरी आहे, पण येथे जंगल प्रामुख्याने आपली गमावलेली जागा परत घेत होते. हवामान मर्यादा आखते, भूरचना ती तोडते आणि मनुष्य ती खाली खेचतो. म्हणून वृक्षरेषेच्या हालचालीचा अर्थ लावताना तापमानाच्या नोंदींबरोबरच कुरणांचा इतिहासही तपासणे आवश्यक आहे.