शाळेच्या वाटेवरील पाठलाग

पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाडा आता उभा नाही. २०२३ च्या डिसेंबरात तो पाडण्यात आला. परंतु मला आज वाड्याविषयी बोलावयाचे नसून त्याकडे जाणाऱ्या वाटेविषयी बोलावयाचे आहे.

१८४८ साली जोतीराव फुले यांनी तेथे मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेव्हा अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. शिकवावयास जाताना त्यांच्या अंगावर लोक शेण व चिखल फेकीत, ही हकीकत आपण सर्वांनी वाचली आहे. माझ्या मते तिच्यातील खरा दाहक भाग शेण हा नव्हे. बाई रोज ठराविक वेळी, ठराविक वाटेने जात. ती वेळ व ती वाट हेरून माणसे रोज तेथे उभी राहत. पाठलागाचे सारे बळ या ‘रोज’मध्ये असते. एका दिवसाची शिवी विसरता येते. उद्याही तो तेथेच असेल हे जाणून उंबरा ओलांडणे कठीण. त्या टोळक्याला आपण धर्म राखतो असे वाटे, आजच्या पाठलाग करणाऱ्याला आपण प्रेम करतो असे वाटते, रीत एकच.

बाईंनी काय केले? अंगावरचे लुगडे खराब होणारच, हे धरून त्या दुसरे बरोबर नेत. घडलेले त्यांनी पतीपासून लपविले नाही. सोबतीस शिपाई देण्यात आला. त्याचे नाव बळवंत सखाराम कोल्हे असे सांगतात. एका आडदांडाने वाट अडविली तेव्हा बाईंनी त्यास चपराक दिली, असेही सांगतात. आम्ही मास्तरमंडळी ही चपराक वर्गात फार रंगवीत असू. शिपायाचा उल्लेखही करीत नसू.

आता माझी एक कबुली. पंचवीसएक वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलीच्या मागे एक तरुण शाळेपासून घरापर्यंत येई. तिचे वडील मजकडे आले. “तिला महिनाभर घरीच ठेवा,” असे मी सांगितले. मुलगी परीक्षेस बसली नाही. तो तरुण चौकात उभाच होता.

त्या काळी कायद्यातही पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा नव्हता. दंडविधान १८६० चे, पण त्यात हे कलम येण्यास २०१३ साल उजाडले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ७८ वे आहे. स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखविल्यावरही पुरुषाने वारंवार मागे लागणे, किंवा इंटरनेटवरील तिच्या व्यवहारावर पाळत ठेवणे, यास पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत.

नकार एकदाच व स्पष्ट द्यावा. मग उत्तर देऊ नये, रागाचेही नाही. चाळीस निरोपांनंतर एक शिवी मिळाली, तरी चाळीस निरोप पाठविले की उत्तर येते, एवढेच तो शिकतो. निरोप पुसू नयेत; तारीख, वेळ, जागा वहीत टिपावी. घरी, शेजारी व कचेरीत सांगून ठेवावे. कोणी मागे आहेसे वाटल्यास एकटीने घर न गाठता गजबजलेल्या दुकानात वा पोलीस चौकीत शिरावे आणि ११२ क्रमांक फिरवावा. आणि वडीलधाऱ्यांनी, “तू त्या वाटेने गेलीसच का?” हा प्रश्न कृपा करून गिळावा.

त्या मुलीचे वडील अजून कधी मंडईत भेटतात, नमस्कार करतात. मुलीची चौकशी करण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.