गेमिंग लॅपटॉपचे तापणे

खेळ चालू असताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांत निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकायला पंखे अपुरे पडणे. नवा लॅपटॉप तापला की तो सदोषच आहे, असे समजू नये. जड खेळात प्रोसेसर ८५ ते ९५ अंश सेल्सिअसवर राहणे अशा पातळ यंत्रांत नेहमीचे आहे. साधारण १०० अंशांच्या आसपास तो आपला वेग आपणच उतरवतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. खेळ मध्येच अडखळू लागतो तो यामुळे.

परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या वालूरसारख्या गावी मूळ कारण बहुधा खोलीत सापडते. बहुतेक कंपन्या लॅपटॉप सुमारे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगतात. परभणीचा पारा मात्र एप्रिल-मेमध्ये ४२ च्या वर जातो, आणि ही नोंद सावलीतली असते. पत्र्याखालची खोली त्याहून तापते. पंखा हवा गार करत नाही, नुसती ढकलतो. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ८२ वर असलेली चिप तेवढ्याच कामाला मेमध्ये ४२ अंशांच्या खोलीत जवळजवळ ९९ वर जाऊन टेकते. वालूरच्या चक्राकार बारवेच्या पायऱ्या उतरताना अंगाला जो गारवा लागतो, तो दगडमातीच्या जाडीचा. माळवदाच्या घरातही तेच घडते. अशी खोली उपलब्ध असेल तर दुपारी यंत्र तिथे हलवणे, हा कूलिंग पॅड विकत घेण्यापेक्षा मोठा उपाय आहे.

तपासणी सोपी आहे. एचडब्ल्यूइन्फोसारखे तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर सुरू ठेवून एकच खेळ अर्धा तास सकाळी सहाला आणि अर्धा तास दुपारी तीनला खेळावा; दोन्ही वेळी खोलीचे तापमानही लिहून ठेवावे. सकाळी सगळे ठीक चालले, तर दोष हवेचा. सकाळच्या गारव्यातही यंत्र बंद पडत असेल, एक पंखा फिरतच नसेल किंवा खेळ सुरू होताच काही सेकंदांत आकडा शंभरावर जात असेल, तर दोष यंत्राचा.

बहुतेक लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा ओढतात. गोधडीवर किंवा गादीवर ठेवला की ती जाळी बुजते. टणक फळीवर ठेवून मागची कड दोन बोटे उचलली, तरी फरक दिसतो. खेळातली फ्रेमची मर्यादा ६० वर बांधावी. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी ९९ टक्के केली की बहुतेक यंत्रांत टर्बो थांबतो आणि तापमान चांगलेच उतरते. खेळात त्याची उणीव बहुधा जाणवत नाही. वाळ्याच्या किंवा गवताच्या कूलरने खोली जरूर गार करावी, पण त्याच्या थेट झोतात यंत्र ठेवू नये. ओलावा आणि तुषार आत जातात.

हा कापसाचा मुलूख. वेचणीच्या दिवसांत घरात कापूस साठवलेला असेल, तर त्याचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ पंख्यामागच्या बारीक पात्यांवर नमद्यासारखी बसते. बंद यंत्राच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशने वरचेवर काढावी. नवे यंत्र उघडून थर्मल पेस्ट बदलण्याच्या फंदात मात्र पडू नये. वॉरंटीवरून वाद होतो. त्याऐवजी सकाळ-दुपारच्या आकड्यांचे स्क्रीनशॉट आणि खरेदीचे बिल घेऊन सर्व्हिस सेंटर गाठावे.