पहिली बंदूक : शिरूर-दौंडच्या माळावरची एक निवड

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाताना आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस दिसतो. तीन पिढ्यांपूर्वी इथे कुसळी गवताचा माळ होता. पावसाच्या भरवशावरची बाजरी-ज्वारी, मधूनमधून बाभळी आणि दूरवर नजर पोचेल अशी मोकळी जमीन, असे त्याचे रूप होते. आमच्या घरातली बारा बोअरची एकनळी बंदूक त्या काळातली आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात आजोबांनी ती पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतली. त्यांना मनातून रायफल हवी होती, असे वडील सांगत. मग त्यांनी रायफल का घेतली नाही? हा घरगुती प्रश्न घेऊन मी शस्त्रांचे कायदे आणि शिकारीची जुनी पुस्तके वाचू लागलो. पहिली बंदूक जनावर पाहून निवडावी, असे पुस्तके सांगत होती. आमच्या मुलखात मात्र ती निवड जनावर पाहून फारशी कधी झालीच नाही, असे मला दिसत गेले.

आधी जनावरांचा विचार करू. शिरूर आणि जुन्या भीमथडी तालुक्याचा हा कोरडा पट्टा म्हणजे काळवीट, चिंकारा, लांडगा, कोल्हा, ससा, तितर, लावा यांचे घर. ओढ्याकाठच्या झाडीत रानडुक्कर आणि क्वचित बिबट्या. चिंकारा वीस-पंचवीस किलोंचा, काळवीट चाळीसच्या आसपास, तर पोसलेला डुक्कर शंभर किलोंवर जाणारा. तितराला बारीक छर्रा लागतो आणि डुकराला जड गोळी. काळविटाला लांबून अचूक मारणारी नळी लागते, कारण उघड्या माळावर ते माणसाला फार दुरून पाहते. एकाच हत्याराने हे सगळे साधायचे, हा खरा पेच होता.

शिरूरच्या पहिल्या इंग्रज शिकाऱ्यांना हा पेच फारसा पडला नाही. घोडनदीकाठी कंपनीच्या फौजेची मोठी छावणी होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईला गेलेली कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी आदल्या रात्री इथूनच निघाली होती. पुढे पूना हॉर्स म्हणून प्रसिद्ध झालेले घोडदळही शिरूरला राहिले. या घोडेस्वारांचे शिकारीचे हत्यार भाला होते. जिथे घोडा दौडू शकतो तिथे डुकराला गोळी घालणे त्यांच्यात नामुष्कीचे मानले जाई. पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्वतः या खेळाचा शौकीन होता. म्हणजे डुकराचे हत्यार त्याच्या वजनावरून ठरले नाही, ते पलटणीच्या रिवाजाने ठरले.

१८५८ मध्ये पुण्याहून दौंडवरून दिकसाळपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि केडगाव-पाटसचा माळ पुण्याच्या साहेबांना एका दिवसाच्या टप्प्यात आला. याच सुमारास विलायतेत बंदुकीचे रूप झपाट्याने बदलत होते. ठासणीची बंदूक मागे पडून मागून काडतूस भरायची आली आणि नळीला आतून आटे पाडणे सर्रास झाले. मध्य प्रांतात नोकरी केलेल्या जेम्स फोर्सिथने शिकारी रायफलीवर एक पुस्तकच लिहिले. मोठ्या बोअरची जड गोळी आणि भरपूर दारू हा त्याचा आग्रह. त्यानंतर ‘एक्सप्रेस’ रायफली आल्या. त्यांचे म्हणणे उलटे होते : गोळी हलकी ठेवा, वेग वाढवा, म्हणजे तिचा मार्ग सपाट राहील आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकणार नाही. काळविटाच्या माळावर हे म्हणणे पटण्याजोगे होते.

सर्व जनावरांसाठी एक नळी या प्रश्नाचे सर्वांत चतुर उत्तर हिंदुस्थानात नोकरी केलेल्या माणसाने शोधले. कर्नल जॉर्ज फॉस्बेरी या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्याने १८८५ मध्ये एका नळीचे पेटंट घेतले आणि हॉलंड अँड हॉलंड कंपनीने ती ‘पॅराडॉक्स’ नावाने विकली. तिची नळी जवळजवळ सगळी गुळगुळीत, फक्त तोंडाजवळच्या थोड्या भागात आटे. छर्रा भरला तर साधी बंदूक, गोळी भरली तर शंभर यार्डांपर्यंत रायफल. सकाळी तितर आणि दुपारी डुक्कर, दोन्ही एकीनेच. पण ती घेणे साहेबाच्या किंवा संस्थानिकाच्या खिशाला परवडणारे होते.

आमच्या गावच्या पाटलाला ही निवड करण्याची मुभाच नव्हती. लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा शस्त्रकायदा हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक ठेवू देत नव्हता. युरोपियनांना मात्र नियमांनी सूट दिली होती. नुकत्याच बोटीवरून उतरलेल्या लेफ्टनंटाने चार बंदुका सोबत आणल्या तरी चालत. पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण करणाऱ्याला मात्र एका बंदुकीसाठी अर्ज करावा लागे. कायदा आला त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना घेऊन पहिला दरोडा घातला, तोही शिरूर तालुक्यातल्या धामारीवर. त्यानंतर या भागातल्या बंदुकीच्या अर्जाकडे सरकार कोणत्या नजरेने पाहत असेल, हे सांगायला नको. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने या कायद्यात बदल मागितला. नियमांतला उघड वर्णभेद जायला पहिले महायुद्ध संपावे लागले.

पुढे कायद्याने नळीचा व्यासही ठरवायला सुरुवात केली. लष्कराच्या रायफलीचे काडतूस बंडखोरांच्या हाती पडू नये, या भीतीने १९०७ च्या सुमारास .४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणण्यास बंदी झाली. मग विलायतेतल्या कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे काढली. वाघ-गव्यांच्या शिकारीच्या पुस्तकांत ही मापे नामवंत ठरली. पण ती जन्मली सरकारी बंदीतून, वाघासाठी खास ती मापे हवी होती म्हणून नव्हे. .३०३ चीही तीच कथा. ते लष्कराचे काडतूस असल्याने साध्या नागरिकाला मिळेना. म्हणून लष्करी ली-एन्फिल्डच्याच धाटणीची, पण ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे आठ मिलिमीटरचे काडतूस घेणारी .३१५ रायफल हिंदुस्थानच्या बाजारात आली. प्रथम ती विलायतेच्या बीएसएची होती, स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्याची. १९५९ च्या शस्त्रकायद्यानंतरही मनाई असलेले बोअर आणि मनाई नसलेले बोअर ही भाषा कायम राहिली.

आजोबांसमोर म्हणजे दोनच वाटा होत्या : .३१५ ची रायफल किंवा बाराची बंदूक. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक जेमतेम मावेल एवढी नळी, साधारण साडेअठरा मिलिमीटरची. तिची खुबी काडतुसात आहे. एका औंसात सहा नंबरचे छर्रे २७०, चार नंबरचे १७०, तर एसजीचे फक्त आठ. काडतूस बदलले की सशाची बंदूक डुकराची होते. तिचे मोठे छर्रे चाळीस-पन्नास यार्डांपलीकडे भरवशाचे नाहीत, हे तिचे उणे. पण शेतात राखणीला बसणाऱ्याला त्याहून लांबचा नेम कशाला हवा? उलट रायफलीची गोळी चुकली तर सपाट माळावर दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते, आणि या माळावर कुठे ना कुठे धनगराचा वाडा बसलेला असे. गोळी अडवायला मागे टेकाड नाही. वडिलांच्या सांगण्यातून आजोबांचे कारण एवढेच हाती लागते : “मेंढरामागं माणूस असतंय.” विलायती पुस्तकांतल्या सगळ्या तक्त्यांपेक्षा मला हे वाक्य अधिक शहाणपणाचे वाटते.

मात्र या निवडीचे श्रेय मी वाढवून सांगणार नाही. बाराच्या बंदुकीने काळवीट मारायला बैलगाडीच्या आडोशाने जवळ जावे लागे, कारण गाडीला ते बुजत नसे. त्यातही छर्रे लागून जखमी झालेले जनावर निसटे, आणि कुठेतरी झुडपात मरे. स्वातंत्र्यानंतर जीप आणि झोतदिवा आला तेव्हा बैलगाडीची गरजही उरली नाही. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी-पक्षी संरक्षणाचा कायदा केला, पण रात्रीच्या माळावर तो पाहणार कोण? त्यातच कालवे आले, गवत नांगरले गेले. काळवीट बंदुकीने संपले की नांगराने, हा वाद मला निरर्थक वाटतो. दोन्ही आमच्याच हातात होती.

ज्यांच्या हातात दोन्ही नव्हती त्यांचे नाव घेतल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. फासेपारधी याच माळावर फाशाने काळवीट आणि तितर धरत. त्यांना गुन्हेगार जमात ठरवले गेले. तो शिक्का कायद्यातून १९५२ मध्ये पुसला गेला, पण बंदुकीचा परवाना त्यांच्या आवाक्यापलीकडेच राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली, ती थांबायलाच हवी होती. पण छंदाने शिकार करणाऱ्याची त्यात एक हौस गेली आणि पारध्याची भाकरी गेली. कायद्याला दोघे सारखेच दिसले.

आज सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आणि पलीकडे कर्जतजवळ रेहेकुरीला काळवीट पाहायला मिळते. शिरूर-दौंडच्या उसात बिबट्या आला आहे. तो माणसाच्या जिवावर उठला आणि पकडता किंवा बेशुद्ध करता येत नसेल, तरच त्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. गावात कुणावर हल्ला झाला की लोक मला आमच्या बंदुकीबद्दल विचारतात. मुलाला शेतावर पाठवायचे की नाही या धास्तीत रात्र काढणाऱ्या माणसाला मी इतिहास सांगत बसत नाही. पण उभ्या उसात पाच पावलांवरचे दिसत नाही आणि आतल्या बाजूला ऊसतोडीची खोपटी असतात, हे मला ठाऊक आहे. आजोबांच्या वाक्यातली मेंढरे गेली असली तरी माणूस अजून तिथेच आहे.

बंदूक आता निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकाल लागला की घरी येते. एवढाच तिचा प्रवास. परवान्यावर ‘पीकसंरक्षण’ हा शब्द अजून आहे.