भाषावैज्ञानिकाचे पद : महाराष्ट्रातील अध्यापन-संशोधनाच्या संधींचा इतिहास आणि भिवंडी परिसर

प्रस्तावना

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर म्हणून सर्वपरिचित आहे. भाषेच्या अभ्यासकाला मात्र ते निराळ्या कारणाने महत्त्वाचे वाटावे. शहरात कोकणी मुसलमानांची बोली, उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची हिंदी-उर्दू आणि पद्मशाली विणकरांची तेलुगू ऐकू येते. तालुक्याच्या गावापाड्यांत आगरी, वारली आणि कातकरी बोलल्या जातात. अभ्यासविषय असा दाराशी असूनही भाषाविज्ञान शिकू पाहणाऱ्या येथील विद्यार्थ्यापुढे ‘पुढे पद कोठे मिळणार ?’ हा प्रश्न उभा राहतोच. त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे. महाराष्ट्रात भाषावैज्ञानिकाचे पद मुख्यतः कोश आणि सर्वेक्षणे यांच्या आश्रयाने निर्माण झाले, आणि ज्या कार्याला संस्थेचे स्थायी अधिष्ठान लाभले तेथेच ते टिकले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पदाविना झालेले सर्वेक्षण

भारतीय भाषांच्या पहिल्या व्यापक पाहणीचे काम जॉर्ज ग्रियर्सन यांनी १८९४ मध्ये हाती घेतले. मराठीचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला आणि संपूर्ण काम १९२८ मध्ये पूर्णत्वास गेले. ग्रियर्सन हे मुलकी सेवेतील अधिकारी होते. बोलींचे नमुने त्यांनी प्रामुख्याने जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी यंत्रणेमार्फत गोळा करविले. एवढे प्रचंड कार्य झाले, तरी ‘क्षेत्रीय भाषावैज्ञानिक’ असे पद त्यातून देशात निर्माण झाले नाही. काम संपताच यंत्रणाही विराम पावली.

डेक्कन कॉलेजचे वळण

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १८२१ च्या पाठशाळेपासून परंपरा सांगणारे हे महाविद्यालय सरकारने १९३४ मध्ये बंद केले. १९३९ मध्ये ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा त्यात भाषाशास्त्राला मानाचे स्थान मिळाले. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली १९४८ मध्ये संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील बृहत्कोशाचे काम सुरू झाले. त्यासाठी शेकडो ग्रंथांतून शब्दप्रयोगांच्या लक्षावधी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये बाहेर पडला आणि हे काम आजही चालू आहे. म्हणजेच या एका कोशाने अभ्यासकांच्या अनेक पिढ्यांना वाचन, उतारे, संपादन आणि मुद्रितशोधन यांचे काम व वेतन पुरविले.

दुसरी घटना १९५० च्या दशकातील आहे. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने डेक्कन कॉलेजने भाषाविज्ञानाचे उन्हाळी वर्ग चालविले. देशभरातील भाषांचे तरुण अध्यापक त्यांत प्रशिक्षित झाले. विद्यापीठांतून भाषाविज्ञानाचे विभाग उभे राहू लागले तेव्हा हा प्रशिक्षित वर्ग त्यांना उपलब्ध होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने पुणे आणि अन्नामलाई येथील प्रगत अध्ययन केंद्रांना दिलेली मान्यता, तसेच १९६९ मध्ये म्हैसूर येथे स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था यांमुळे ही संधी अधिक विस्तारली.

ठाणे जिल्ह्याचा धागा

डॉ. घाटगे यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळासाठी १९६० च्या दशकात मराठी बोलींची वर्णनमाला हाती घेतली. तीत ठाण्याच्या वारलीवर स्वतंत्र ग्रंथ आहे. ग्रियर्सन यांच्या पाहणीत गोळा केलेल्या नमुन्यांवर भिस्त होती. येथे प्रशिक्षित अभ्यासकाने बोलीची ध्वनिव्यवस्था आणि रूपव्यवस्था शास्त्रीय रीतीने नोंदविली. हा फरक प्रशिक्षणाचा, आणि पर्यायाने पदाचा आहे. तथापि, ही माला सर्व बोलींपर्यंत पोहोचण्यापूर्वीच थांबली.

पुढे राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने डेक्कन कॉलेजने मराठी बोलींचे नवे सर्वेक्षण केले. त्यात गावोगावच्या भाषकांचे ध्वनिमुद्रण करून सामग्री संगणकीय रूपात उपलब्ध करून देण्यात आली. घाटगे यांची माला आणि हे सर्वेक्षण यांत सुमारे अर्धशतकाचे अंतर आहे. मधल्या काळात बोली तर बदलत होत्याच, परंतु क्षेत्रीय कामाची सलग परंपराही खंडित झाली.

आजच्या संधी

डॉ. अशोक केळकर यांनी १९७७ मध्येच ‘मराठी भाषेचा आर्थिक संसार’ या पुस्तिकेतून भाषा आणि अर्थव्यवहार यांचा संबंध विचारार्थ मांडला होता. आज त्या संबंधाला नवे क्षेत्र मिळाले आहे. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेली सी-डॅक, मराठी शब्दजालाचे काम करणारी मुंबईची आयआयटी आणि २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेला ‘भाषिणी’ उपक्रम यांना संगणकतज्ज्ञांइतकीच भाषेची रचना जाणणाऱ्यांची गरज भासते. विद्यापीठीय अध्यापनासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याने संशोधनाविषयीच्या अपेक्षाही उंचावल्या आहेत.

असे असले तरी प्रकल्पातील नेमणुका बहुधा मुदतीच्या असतात. महाविद्यालयीन स्तरावर भाषाविज्ञान सामान्यतः मराठी वा अन्य भाषेच्या अभ्यासक्रमातील एका पत्रिकेपुरते राहते. पत्रिका आहे, पण पद नाही, ही स्थिती आपणा अध्यापकांना अपरिचित नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, बोलींचे वैविध्य आपोआप रोजगार निर्माण करीत नाही. त्याला संस्था लागते. दुसरी, दीर्घ पल्ल्याचे कोशकार्य आणि प्रशिक्षण वर्ग यांनी जेवढे अभ्यासक घडविले, तेवढे अल्प मुदतीच्या पाहण्यांतून घडणे कठीण आहे. तिसरी गोष्ट आपल्या आवाक्यातील आहे. भिवंडी परिसरातील महाविद्यालयांनी भाषाविभागांतच आगरी, कातकरी व कोकणी मुसलमानी बोलींच्या ध्वनिमुद्रणाचे आणि शब्दसंग्रहाचे काम वर्षानुवर्षे चालू ठेवल्यास येथील विद्यार्थी संशोधन साहाय्यकाच्या मुलाखतीस अनुभव घेऊन जाईल. तो स्वतःच त्या बोलीचा भाषक असेल, तर बाहेरून येणाऱ्या अभ्यासकापेक्षा त्याची बाजू काही बाबतीत बळकटच राहील. ग्रियर्सन यांच्या काळी या परिसराकडून केवळ नमुना मागितला गेला. आता येथून अभ्यासक जावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.