खिडकीची काच आणि घरांतील ऊब

मनुष्यास एखादी युक्ति सुचणें आणि ती त्याच्या घरांत येणें, या दोहोंमध्यें किती काळ लोटावा यास कांहीं नियम दिसत नाहीं. न्यूयॉर्क येथील थॉमस स्टेट्सन नांवाच्या गृहस्थानें १ ऑगस्ट १८६५ रोजीं एक पेटंट मिळविलें. त्यांतील कल्पना अगदीं साधी होती. खिडकीस एकाऐवजीं दोन काचा बसवाव्या, मध्यें थोडी जागा सोडावी आणि कडा बंद करून टाकाव्या. कोंडलेली हवा उष्णता सहजासहजीं पुढें जाऊं देत नाहीं. यामुळें एकेरी काचेंतून जितकी ऊब निघून जाते तिच्या सुमारें निम्मीच दुहेरी काचेंतून जाते. उत्तरेकडील कडक थंडीच्या देशांत हिवाळ्यापुरती दुसरी खिडकी लावण्याची चाल होतीच. तरीहि इंग्लंडसारख्या देशांतील बहुतेक घरें पुढें शंभर वर्षें एकेरी काचेमागें कुडकुडत राहिलीं. असें कां व्हावें?

ज्ञान नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. इ. स. १८०० मध्येंच विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदास सूर्याचें निरीक्षण करण्यासाठीं रंगीत काचा वापरतांना एक चमत्कारिक अनुभव आला. एका काचेंतून उजेड थोडा पण ताप फार, तर दुसरींतून उजेड पुष्कळ पण ताप थोडा! त्यानें लोलकानें सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येक रंगांत उष्णतामापक धरला. आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं तेथें, पारा सर्वांत अधिक चढला. उजेड आणि ताप यांस काच वेगवेगळी वागणूक देऊं शकते, ही या शास्त्राची गुरुकिल्ली त्या दिवशींच हातीं आली होती.

परंतु काचेची गोष्ट केवळ शास्त्रज्ञांच्या हातीं नव्हती. इंग्लंडांत १६९६ पासून खिडक्यांच्या संख्येवर कर होता. श्रीमंतांनीं तो भरला. गरिबांच्या घरमालकांनीं मात्र खिडक्या विटांनीं बुजवून टाकल्या, आणि आंत राहणाऱ्यांच्या वांट्यास अंधार व कोंदट हवा आली. यावर ताण म्हणून १७४५ च्या कायद्यानें खुद्द काचेवरच वजनाप्रमाणें जकात बसविली. ज्या राज्यांत जाड काच म्हणजे जास्त कर, तेथें एका खिडकीस दोन काचा लावण्याचा विचार कोण करणार? जकात १८४५ त उठली, खिडकीपट्टी १८५१ त. आणि त्याच १८५१ सालीं लंडनच्या हाईड पार्कमध्यें प्रदर्शनासाठीं काचेचा प्रचंड महाल उभा राहिला. उजेडावर कर घेणाऱ्या सरकारच्या राजधानींतच हें घडावें, ही मौज खरीच.

कर गेले तरी काम अडलें तें कोळशामुळें. शेगडींत आणखी चार ढेकळें टाकून भागत असतां खिडकींतून गळणाऱ्या उबेचा हिशेब ठेवण्याची कोणास गरज वाटली नाहीं. ती गरज १९७३ च्या ऑक्टोबरांत उत्पन्न झाली. अरब राष्ट्रांनीं तेल अडविलें आणि थोड्याच महिन्यांत तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. आर्थर रोझेनफेल्ड हे मूळचे अणुगर्भांतील कणांचे अभ्यासक. पण या संकटानंतर कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील प्रयोगशाळेंत ते इमारतींच्या खर्चाकडे वळले. खिडकी हा त्या प्रयोगशाळेचा एक प्रमुख विषय झाला.

तेथें जी काच पुढें आणण्यास साह्य झालें तिचें मर्म असें. खोलींतील माणसें, भिंती, सामान हीं सर्व अदृश्य किरणांच्या रूपानें उष्णता टाकीत असतात. साधी काच ती शोषून घेते, स्वतः तापते, आणि पूर्ण काळ्या वस्तूनें टाकावी तिच्या शेंकडा सुमारें ८४ उष्णता पुन्हां बाहेर टाकते. तिच्यावर रुप्याचा इतका पातळ मुलामा दिला कीं आरपार सर्व दिसावें, तर हें प्रमाण शेंकडा थोड्याशा अंकांवर येतें, व ऊब खोलींतच परततें. असा मुलामा दिलेला पदर १९८१ च्या सुमारास बाजारांत आला. पुढें दोन काचांमधील हवेच्या जागीं आर्गन वायु भरूं लागले, कारण तो हवेपेक्षांहि उष्णतेस अधिक अडवितो.

आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. येथें ऊब राखावयाची नसून ऊन बाहेर ठेवावयाचें आहे. गोमंतकांतील जुन्या घरांच्या खिडक्यांस पातळ, अर्धपारदर्शक शिंपले बसवीत. त्यांतून उजेड मऊ होऊन येई आणि ऊन अंगावर येत नसे. आमच्या मतें ती योजना मुंबईंतील साध्या काचेच्या मनोऱ्यांहून अधिक शहाणपणाची होती. कारण मनोरा आधीं सूर्यास आंत घेतो आणि मग वीज जाळून त्याचा ताप बाहेर काढतो. मुलाम्याची रचना बदलल्यास सूर्याचा अदृश्य ताप बाहेरच परतवितां येतो व उजेड आंत घेतां येतो. भारत सरकारनें मोठ्या व्यापारी इमारतींसाठीं २००७ सालीं जी ऊर्जासंहिता काढली तींत काचेंतून येणाऱ्या सूर्यतापास मर्यादा घातली. राहत्या घरांसाठीं तशी संहिता निघावयास २०१८ साल उजाडलें.