टेबलाभोवतीच्या तिघी

गेल्या साली माझी मैत्रीण गेली. मी दुपारी गोष्ट रचावी, तिने गहू निवडता निवडता ऐकावी आणि "इथे तुझी नायिका फार रडते बाई" म्हणावे. ती गेल्यापासून मला इंग्लंडातल्या तीन बहिणी वारंवार आठवतात.

यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ गावी एका धर्मोपदेशकाच्या या मुली : शार्लट, एमिली आणि ॲन ब्राँटे. एमिली पावाची कणीक मळताना समोर पुस्तक उघडे ठेवी! रात्री नऊला शिवण गुंडाळून तिघी बैठकीत येरझारा घालीत आणि आपापल्या कादंबरीचे लिखाण एकमेकींना वाचून दाखवीत. नायिका देखणीच हवी, असे बहिणींचे मत. शार्लटने मात्र स्वतःसारखीच ठेंगणी, साधी नायिका उभी केली, ती 'जेन एअर'. १८४७ साली तिघींच्याही कादंबऱ्या निघाल्या, पण टोपणनावांनी. बाईच्या लिखाणाकडे लोक निराळ्या नजरेने पाहतात, हे त्या जाणून होत्या.

पुढल्या वर्षी सप्टेंबरात त्यांचा भाऊ गेला, डिसेंबरात एमिली, आणि १८४९ च्या मे महिन्यात ॲन. शार्लटची 'शर्ली' तेव्हा अर्धीमुर्धी लिहून झाली होती. दोष दाखवायला कोणी उरले नव्हते, तरी तिने ती त्याच वर्षी पुरी केली.

रात्री येरझाऱ्या चालूच राहिल्या. मोलकरणीला आतून एकटीचीच पावले ऐकू येत, आणि तिचा जीव तुटे.